वायफाय विसरतंय कोण, ते आधी पकडा

“ताई, हा लॅपटॉप वायफायच विसरतो,” असं म्हणत कुणी पिशवीतून लॅपटॉप काढला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पासवर्ड परत मागतो, की तुमच्या वायफायचं नावच दिसत नाही? बहुतेकांना याचं उत्तर देता येत नाही. कारण तोवर राउटर बंद-चालू करून झालेला असतो, ‘फर्गेट’ दाबून पासवर्ड पुन्हा टाकलेला असतो आणि कुणा भाच्याने फोनवरून सांगितलं म्हणून नेटवर्क रीसेटही मारलेलं असतं. चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आत घर धुऊनपुसून काढावं, तसं होतं ते. वायफाय चालू होतं, चार दिवसांनी पुन्हा तेच.

मी पुण्यात नारायण पेठेत लॅपटॉप दुरुस्तीचं काम करते. अप्पा बळवंत चौक हाकेच्या अंतरावर. त्यामुळे एकीकडे सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारी मुलं येतात, दुसरीकडे एरंडवणे-कोथरूडचे निवृत्त काका-काकू, ज्यांच्या मुलाने अमेरिकेहून येताना लॅपटॉप आणलेला असतो. शनिवारी हिंजवडीचे आयटीवाले. तक्रार सगळ्यांची शब्दशः एकच, दुखणं मात्र प्रत्येकाचं वेगळ्या जागी. म्हणून उपायांच्या मागे लागण्याआधी नक्की कोण विसरतंय, लॅपटॉप, राउटर की दोघंही नाही, हे ठरवायचं. ते घरबसल्या जमतं.

पासवर्ड टाकायच्या आधी

पुढच्या वेळी वायफाय गेलं की लॅपटॉपला हात लावू नका. आधी फोन बघा. तो त्याच वायफायवर आहे का? मोबाइल डेटा बंद करून बघा, नाहीतर फोन गुपचूप डेटावर चालत असतो आणि तुम्ही मला छातीठोकपणे सांगता, “फोनला तर येतंय की!” फोनलाही मिळत नसेल तर लॅपटॉपला बोल लावू नका, राउटरकडे वळा.

फोनला मिळतंय आणि लॅपटॉपला नाही, असं असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जा. नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात वाय-फाय, त्यात मॅनेज नोन नेटवर्क्स. हा लॅपटॉप आजवर ज्या ज्या वायफायला जोडला त्यांची ही यादी. तुमच्या वायफायचं नाव तिच्यात आहे का बघा आणि फोनने त्या पानाचा फोटो काढून ठेवा. मग खाली उजव्या कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह दाबून आत्ता आसपास कोणती नावं दिसतात, त्याचाही फोटो काढा. एवढे दोन फोटो घेऊन आलात तर माझं निम्मं काम झालं.

जुन्या यादीत नाव आहे, पण आसपास दिसत नाही: राउटर किंवा चॅनेलचा (राउटर ज्या क्रमांकाच्या पट्टीवर सिग्नल सोडतो तिचा) प्रश्न. आसपास दिसतंय, पण जुन्या यादीतून गेलंय: हा खरा विसरभोळा लॅपटॉप. दोन्हीकडे आहे, तरी पासवर्ड मागतो: तिसरीच भानगड. आणि सेटिंग्जमध्ये वाय-फाय नावाचा पर्यायच उरलेला नसेल, तर विसरण्याचा काही संबंध नाही, लॅपटॉपला त्याचं वायफाय कार्डच (वायफाय पकडणारा आतला भाग) सापडत नाहीये.

आसपास नाव नाही

राउटर उलटा करा. खाली चिकटवलेल्या कागदावर कंपनीने दिलेलं मूळ नाव आणि पासवर्ड असतो. लॅपटॉपवर आत्ता ते मूळ नाव दिसत असेल, तर राउटर कोऱ्या पाटीवर गेलाय. झाडपूस करताना मागच्या भोकातलं रीसेटचं बटण दाबलं जाणं अवघड आहे, पण काही राउटरना ते बटण भोकात नसून बाहेरच असतं. नातवंडांना असली बटणं फार आवडतात.

दुसरं कारण नेटवाल्याकडचं. बऱ्याच कंपन्या स्वतःच्या राउटरची सेटिंग दुरून बदलू शकतात, त्यासाठी टीआर-०६९ नावाची ठरलेली पद्धत आहे. तिकडून नवीन फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) आलं किंवा सेटिंग पुन्हा ढकललं गेलं, की तुम्ही हौसेने ठेवलेलं ‘जोशीवाडा’ जाऊन परत जुनं आकड्यांचं नाव येतं. नेटवाल्याला फोन करून “तुमच्याकडूनच नाव-पासवर्ड बदलून द्या” असं सांगायचं. त्यांच्या बाजूला नोंद झाली की ते टिकतं. तुम्ही राउटरच्या पानावर जाऊन बदललेलं टिकेलच असं नाही.

गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली आणि परत आली की त्या संध्याकाळी अशा तक्रारी वाढतात. लाइट येताना दोनतीनदा येते-जाते, राउटर अर्धवट सुरू होऊन पुन्हा बंद पडतो. बारा व्होल्टच्या राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तापकीर गल्लीत कुणीही दाखवेल. फक्त राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर काय लिहिलेत ते बघून जा. नऊ व्होल्टचे राउटरही असतात आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते. राउटर चालू, डबा बंद, मग वायफायला जोडलेलं दिसतं आणि नेट मात्र नाही.

आता अमेरिकेहून आलेले लॅपटॉप. तिकडे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते ११ एवढेच चॅनेल सहसा वापरतात, आपल्याकडे १३ पर्यंत चालतात. तुमचा राउटर चॅनेलच्या बाबतीत ‘ऑटो’वर असेल आणि त्याने रात्रीत स्वतःहून बारावा किंवा तेरावा धरला, तर तिकडून आणलेल्या काही लॅपटॉपना तो दिसतच नाही. इथल्या फोनला दिसतो, टीव्हीला दिसतो. मग मंगळवारी राउटर परत सहावर येतो आणि लॅपटॉपला ‘आठवतं’. एरंडवण्याचे एक काका या प्रकाराला भूतबाधाच म्हणायचे. राउटरच्या पानावर जाऊन २.४चा चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर पक्का केला, बाधा उतरली. हे पान बहुतेक ठिकाणी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकल्यावर उघडतं (आकडे इंग्रजीत). नसेल तर खरा पत्ता राउटरखालच्याच कागदावर असतो.

नाव लपवून ठेवायची हौस असलेल्यांना एकच विनंती, लपवू नका. त्याने सुरक्षितता फारशी वाढत नाही आणि लॅपटॉपवर ‘नाव दिसत नसलं तरी जोड’ ही खूण केलेली नसेल तर रोज हाताने जोडत बसावं लागतं.

यादीतून नावच गेलं

इथे थोडं आत शिरू. विंडोज वायफायची नोंद कुठे ठेवतं? सी ड्राइव्हमधल्या प्रोग्रॅमडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या पोटात, डब्ल्यूलॅनएसव्हीसी नावाच्या फोल्डरात. त्यात प्रोफाइल्स, त्यात इंटरफेसेस, आणि त्यात महिरपी कंसात लांबलचक आकडे-अक्षरं असलेलं फोल्डर. एका वायफायची एक छोटी फाइल, पासवर्ड आत कुलूपबंद. बघायला हरकत नाही, तिथे खोडाखोड मात्र करू नका.

ते लांबलचक आकडे म्हणजे तुमच्या वायफाय कार्डाची विंडोजच्या दप्तरी असलेली ओळख. म्हणजे विंडोज ‘या लॅपटॉपला हे वायफाय माहीत आहे’ असं लिहीत नाही, ‘या कार्डाला माहीत आहे’ असं लिहितं. कार्ड नवीन वाटलं की नवीन फोल्डर, कोरी यादी. जुन्या फाइली तिथेच धूळ खात पडतात.

हे सगळ्यात जास्त कुणाला भोवतं, तर यूएसबी डोंगल (बाहेरून खोचायचं छोटं वायफाय कार्ड) वापरणाऱ्यांना. लॅपटॉपचं आतलं कार्ड गेलं म्हणून चारपाचशेचं डोंगल घेतलेली मुलं माझ्याकडे नेहमी येतात. एका मुलीची तक्रार होती की खोलीवर वायफाय नीट चालतं, अभ्यासिकेत गेलं की पासवर्ड मागतं, परत खोलीवर आलं की कधी चालतं, कधी मागतं. तिला म्हटलं, जोडून दाखव. तिने डोंगल उजवीकडे लावलं. “खोलीवर इकडेच लावतेस?” तर नाही. खोलीवर चार्जरची वायर उजवीकडून येते म्हणून डावीकडे, अभ्यासिकेत शेजारणीचं कोपर लागतं म्हणून उजवीकडे. स्वस्तातल्या बऱ्याच डोंगलना स्वतःचा असा अनुक्रमांक नसतो, म्हणून विंडोज त्यांना ते कोणत्या भोकात लावलंय त्यावरून ओळखतं. भोक बदललं की नवीन कार्ड, नवीन यादी. तिच्या लॅपटॉपवर वाय-फाय २, वाय-फाय ३ आणि वाय-फाय ४ अशी नावं जमली होती.

तुमच्याकडे हेच आहे का ते बघायला विंडोजची खूण असलेलं बटण आणि आर एकदम दाबा, छोट्या चौकटीत एनसीपीए डॉट सीपीएल असं इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर करा. जी खिडकी उघडते तिच्यात वायफायच्या नावापुढे आकडा असेल तर समजून जा. उपाय फुकटचा: एक भोक ठरवा आणि त्याच्या शेजारी नेलपॉलिशचा ठिपका द्या. जुनी भुतं काढायची असतील तर डिव्हाइस मॅनेजर (लॅपटॉपच्या सगळ्या भागांची विंडोजमधली यादी) उघडून व्ह्यू मेनूत ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करा. नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्सखाली तुमच्याच डोंगलच्या नावाच्या फिकट ओळी दिसतील, त्या अनइन्स्टॉल करा. तिथेच ‘वॅन मिनिपोर्ट’ नावाच्या बऱ्याच ओळी असतात. त्या विंडोजच्या स्वतःच्या आहेत, त्यांना हात लावू नका.

डोंगलचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. शेजारच्या भोकात यूएसबी ३ची बाहेरची हार्ड डिस्क लावली की २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय रडायला लागतं, कारण यूएसबी ३चा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात येतो. डोंगलला वीतभर एक्स्टेन्शन वायर लावून ते लांब ठेवा.

डोंगल नाही आणि तरी यादी कोरी होते? मग कुणीतरी पुसतंय. पहिला संशय ‘लॅपटॉप फास्ट करा’ छापाच्या सफाई सॉफ्टवेअरवर. यातल्या काहींत साठवलेल्या नेटवर्कची माहिती पुसायची खूण असते आणि दर आठवड्याला आपोआप सफाईही लावलेली असते. माझं मत विचाराल तर असलं सॉफ्टवेअर काढूनच टाका. विंडोजची स्वतःची डिस्क सफाई पुरेशी आहे.

दुसरा संशय सगळं मागे नेणाऱ्या सॉफ्टवेअरवर. कॉलेजच्या लॅबमधून लिलावात घेतलेले किंवा भाड्याने आणलेले लॅपटॉप कधी कधी असे बांधलेले असतात, की रीस्टार्ट केला की सगळं होतं त्या जागी. तपासायला डेस्कटॉपवर एक रिकामं फोल्डर करा, वॉलपेपर बदला आणि रीस्टार्ट द्या. फोल्डरही गेलं, वॉलपेपरही परत जुना, तर वायफायच्या मागे लागून उपयोग नाही. लॅपटॉप ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडून ते सॉफ्टवेअर काढून घ्या. इंजिनिअरिंगची मुलं पेनड्राइव्हवरून उबंटू (विंडोजऐवजी वापरायची प्रणाली) चालवतात, तिथेही हेच. ‘ट्राय उबंटू’ म्हणून सुरू केलेलं उबंटू काहीच लक्षात ठेवत नाही. ते इन्स्टॉल करा किंवा पेनड्राइव्ह बनवतानाच माहिती साठवायला जागा राखून ठेवा.

हिंजवडीवाल्यांसाठी: लॅपटॉप कंपनीचा असेल तर घरच्या वायफायची नोंद कंपनीच्या धोरणामुळे पुसली जात असू शकते, किंवा त्यांचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला दुरून जोडणारं सॉफ्टवेअर) आणि सुरक्षा सॉफ्टवेअर तिच्यात ढवळाढवळ करत असतं. माझ्याकडे आणू नका. मी उघडला तर तुमचीच चौकशी व्हायची. आयटी विभागाला तिकीट टाका आणि सोबत ते दोन फोटो जोडा.

मॅकबुकची एक गंमत. घरात एकाच अ‍ॅपल आयडीवर आयफोन आणि मॅक असतील आणि आयक्लाउड किचेन (पासवर्ड सगळ्या उपकरणांत सारखे ठेवणारी सोय) चालू असेल, तर फोनवर ‘फर्गेट धिस नेटवर्क’ केलं की मॅकही ते विसरतो. मुलगी गावाला जाताना फोनमधली जुनी वायफाय साफ करते आणि इकडे बाबांचं नेट जातं. दोन आयडी वेगळे करा, किंवा मुलीला समज द्या.

आणि बॅटरी मेलेला लॅपटॉप. चार्जर काढला की क्षणात बंद, असा लॅपटॉप वापरणारे पुष्कळ आहेत. लाइट गेली की तो लिहिता लिहिता बंद पडतो, आणि नुकतीच लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहू शकते. मग वायफायच कशाला, ब्राउझरचे पासवर्ड, डेस्कटॉपची मांडणी, काहीही जागेवर राहत नाही. तिथे आधी डिस्कची तब्येत तपासायची आणि बॅटरी बदलायची.

नाव दोन्हीकडे, तरी पासवर्ड मागतो

सोसायटीत किंवा वाड्यात दुसऱ्या कुणाच्या वायफायचं नाव तुमच्यासारखंच आहे का? ‘होम’, ‘वायफाय’, किंवा एकाच कंपनीचं तेच ते नाव. लॅपटॉप नावावर भुलतो. शेजाऱ्याचा सिग्नल जोरात आला की तुमचा पासवर्ड त्याच्या राउटरला देऊन बघतो, तिथे नकार मिळतो आणि मग तुम्हाला विचारतो. पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर जाड. आपला राउटर मधल्या खोलीत आणि शेजाऱ्याचा खिडकीपाशी, म्हणजे त्याचाच सिग्नल आपल्याकडे मोठा. नाव बदला, प्रश्न संपला.

राउटर बदलल्यावर किंवा त्याचं फर्मवेअर नवं झाल्यावर हा त्रास सुरू झाला असेल तर सुरक्षेचा प्रकार बदललेला असतो. जुन्या नोंदीत डब्ल्यूपीए२ आहे आणि राउटर आता डब्ल्यूपीए३ मागतोय, अशा वेळी एकदा ‘फर्गेट’ करून नव्याने जोडलं की बहुधा निभावतं. लॅपटॉपचं कार्डच जुनं असेल तर निभावत नाही. मग राउटरवर डब्ल्यूपीए२ आणि एईएस (माहिती कुलूपबंद करायची पद्धत) ठेवा. विंडोज १० मध्ये डब्ल्यूपीए३ची सोय २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून आली, पण विंडोजला येतं म्हणजे कार्डाच्या ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) येतंच असं नाही.

अभ्यासिका आणि हॉस्टेलवाल्यांनी हे नीट वाचा. तिथे बरेचदा मालक तुमच्या लॅपटॉपचा मॅक पत्ता (वायफाय कार्डाचा ओळख क्रमांक, मॅकबुकशी संबंध नाही) राउटरमध्ये नोंदवून घेतो, किंवा पहिल्यांदा जोडताना एक लॉगिनचं पान येतं. विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ चालू असेल तर लॅपटॉप खऱ्या पत्त्याऐवजी बनावट पत्ता देतो, आणि ‘चेंज डेली’ निवडलेलं असेल तर रोज नवा. राउटरच्या दृष्टीने रोज एक अनोळखी माणूस दारात. त्या एका नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन हे बंद करा. रेल्वे स्टेशन, कॅफे अशा ठिकाणी चालू असलेलंच बरं.

कॉलेजच्या वायफायला नाव आणि पासवर्ड दोन्ही लागतात, तिथे लॅपटॉपची तारीखही महत्त्वाची. तारीख पाचसात वर्षं मागे गेलेली असेल तर राउटरपलीकडच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र लॅपटॉपला खोटं वाटतं आणि तो जोडायला नकार देतो. दर वेळी तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. तीन व्होल्टचा सीआर२०३२, घड्याळवाल्याकडे मिळतो. लॅपटॉपमध्ये तो बहुधा वायर जोडलेला असतो, तशाच वायरचा आणायचा. काही नव्या लॅपटॉपमध्ये वेगळा सेलच नसतो.

वायफायचा पर्यायच गायब

लॅपटॉपला केबल लावल्यावरच वायफाय जातं का? काही धंदेवाईक वापराच्या लॅपटॉपमध्ये बायोसमध्येच (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) तशी सोय असते: केबल जोडली की वायफाय बंद. ती दोष नाही, नको असेल तर बायोसमध्ये जाऊन बंद करा.

केबल नसताना जात असेल तर एक सोपी परीक्षा. वायफाय गायब असताना ‘शट डाउन’ करून परत चालू करा. येत नाही? आता ‘रीस्टार्ट’ करा. आलं? मग दोष फास्ट स्टार्टअपचा. विंडोज ८ पासून शट डाउन म्हणजे पूर्ण बंद होणं नव्हे. विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर आहे त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तेच उचलतं. रात्री रुसलेला वायफायचा ड्रायव्हर सकाळी रुसलेलाच उठतो. रीस्टार्टला मात्र सगळं नव्याने सुरू होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, आणि तिथली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एसएसडी (वेगवान डिस्क) असलेल्या लॅपटॉपला याने सुरू व्हायला जो उशीर होतो तो चहा गाळण्याएवढाही नसतो.

लॅपटॉप मिटून उघडल्यावरच जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डावर दोनदा दाबून पॉवर मॅनेजमेंटच्या पानावरची, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी देणारी खूण काढून टाका. काही नव्या लॅपटॉपमध्ये हे पान नसतं. नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलचा, वायफायचा ताजा ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर ‘शोधून’ देणारी फुकट सॉफ्टवेअर नकोत.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळं चिन्ह आणि ‘कोड १०’ दिसत असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, काढता येणारी बॅटरी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. उरलासुरला करंट निघून जातो आणि अडकलेलं कार्ड बरेचदा जागं होतं. वारंवार करावं लागत असेल तर कार्ड उघडून बघायची वेळ आली.

मधल्या मधे तुटतं, आणि कारण कळत नाही

यासाठी विंडोज स्वतःच पंचनामा करून देतं, पण कुणी मागत नाही. स्टार्टवर उजवं बटण दाबून टर्मिनल (आज्ञा लिहायची खिडकी) अ‍ॅडमिन म्हणून उघडा. चार शब्द लिहायचे, सगळे लहान इंग्रजी अक्षरांत, मधे एकेक जागा सोडून: पहिला एन-ई-टी-एस-एच, दुसरा डब्ल्यू-एल-ए-एन, तिसरा शो, आणि चौथा दुसऱ्या शब्दाला रिपोर्ट जोडून. एंटर केलं की ब्राउझरमध्ये उघडणारी एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली ते स्क्रीनवर येतं. गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी सुटलं, हे वर आलेखात दिसतं. लाल खुणेवर टिचकी मारली की खाली कारण उघडतं. ड्रायव्हरने तोडलं, वापरणाऱ्याने तोडलं, की सिग्नलच गेला. ‘वापरणाऱ्याने तोडलं’ असं आलं आणि घरात चौथीतला मुलगा असेल, तर पुढचा तपास तुमचा तुम्ही करा.

नेटवर्क रीसेट हा सगळ्यात शेवटी ठेवायचा इलाज. ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जच्या तळाशी ते बटण आहे. ते सगळी कार्डं उपटून पुन्हा लावतं, म्हणजे साठवलेली सगळी वायफाय जातात, आणि व्हीपीएन असेल तर तेही बहुधा नव्याने घालावं लागतं. पासवर्ड आधी कागदावर उतरवून घ्या, मगच दाबा.

कार्ड उघडायची वेळ

पडदा पुढेमागे केला की वायफाय जातं-येतं, हे लक्षण ओळखून ठेवा. वायफायचा अँटेना बहुतेक लॅपटॉपमध्ये पडद्याच्या कडेला असतो आणि त्याच्या बारीक वायरी बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. वर्षानुवर्षं पडदा उघडून-मिटून वायर आतून चिरते. बाहेरून काळं आवरण शाबूत, आत तांब्याची तार तुटलेली. अशी वायर बदलावी लागते, चिकटपट्टीने भागत नाही.

कार्ड सुटं असेल तर मागचं झाकण उघडल्यावर दिसतं. साधारण पोस्टाच्या दोन तिकिटांएवढी हिरवी किंवा काळी पट्टी, एक स्क्रू, आणि वर दोन सोनेरी ठिपक्यांवर बसवलेल्या दोन वायरी, एक पांढरी, एक काळी. आधी मुख्य बॅटरीचं कनेक्टर काढायचं, हे विसरायचं नाही. मग वायरी नखाने सरळ वर उचलायच्या, ओढायच्या नाहीत. कार्डाच्या सोनेरी दातांवरून स्वच्छ पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, नीट बसवा. पावसाळ्यानंतर एवढ्यावरच बरी होणारी कार्डं मी पुष्कळ बघितलीत. वायरी परत लावताना कार्डावरचे बारीक त्रिकोण बघा. पांढरी वायर पांढऱ्या त्रिकोणापाशी, काळी काळ्यापाशी. सरळ वरून दाबली की टिक् असा आवाज येतो. तिरकी दाबलीत तर सोनेरी कडं चेपतं आणि मग ते कुणाच्या बापाला सरळ होत नाही. पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डावरच डाग देऊन बसवलेलं असतं. तिथे डोंगलच घ्या, तेही ठिपका दिलेल्या एकाच भोकात.

नवं कार्ड घ्यायचं ठरलं तर ऑनलाइन स्वस्तात दिसलं म्हणून मागवू नका. इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वतंत्र कार्डं आहेत, योग्य खाच असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला अगदी तशीच, खाचेतही बसतात, पण त्यांचं निम्मं काम इंटेलच्या प्रोसेसरकडून होतं. तशी सोय असलेल्या इंटेलच्या लॅपटॉपशिवाय ती चालत नाहीत. एएमडीचा लॅपटॉप आणि एएक्स२०१ कार्ड अशी जोडी घेऊन लोक येतात आणि कार्ड बिघडलेलं निघालं म्हणून हळहळतात. काही जुन्या लॅपटॉपचा बायोस तर ठरावीक कार्डांशिवाय दुसरं स्वीकारतच नाही, सुरू होतानाच अडून बसतो. म्हणून जुन्या कार्डावरच्या कागदाचा फोटो काढून आणा, मॉडेल नंबर त्याच्यावर असतो. आणि बसवल्यावर ब्लूटूथही तपासा. ते त्याच कार्डावर असतं, पण बोर्डापर्यंत वेगळ्या वाटेने जातं, त्यामुळे वायफाय चालू आणि माउस मेलेला, असं होऊ शकतं. दुकानातून निघायच्या आधीच बघून घ्या.